काट्यावर न दिसणारा एक किलो

अंधेरी पूर्वेची एमआयडीसी असो, मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग असो की घाटकोपरची एखादी इंडस्ट्रियल इस्टेट, गाळ्यातले मशीन मंदावले की पहिला हात जातो तो कॉम्प्रेसरच्या प्रेशरकडे. सहा किलोंवर चालत नाही ना, मग करा आठ. हवा काय, फुकटच असते! पण दाबलेली हवा फुकट नसते. ती नळीतून वाहणारी वीजच आहे, आणि प्रेशर वाढवले की तिचा खर्च एकदा नव्हे, दोनदा वाढतो.

हा खर्च मोजताना पहिली चूक गेज वाचण्यातच होते. काटा शून्यावर असतो तेव्हा टाकी रिकामी नसते. तिच्यात बाहेरच्याच दाबाची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाबाची हवा असते. दाब आणि आकारमान यांचे नाते रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडले, ते या पूर्ण दाबाला लागू पडते. म्हणून गेजच्या आकड्यात एक मिळवूनच हिशेब करायचा. 50 मिलिमीटर व्यासाचा, 100 मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. त्याच्या पोटात जेमतेम 0.2 लिटर जागा असते. सहा किलोंवर त्यात बाहेरची सातपट, म्हणजे सुमारे 1.4 लिटर हवा कोंबली जाते. पुढे-मागे धरून मिनिटाला 20 फेऱ्या झाल्या तर 55 लिटर लागते. आठ किलोंवर हाच आकडा नवाला सातने भागून येणाऱ्या प्रमाणात वाढतो आणि 71 लिटरवर जातो. काम तेच, हवा मात्र 29 टक्के जास्त. दुसरी वाढ कॉम्प्रेसरमध्ये होते. तेवढीच हवा सहाऐवजी आठ किलोंपर्यंत दाबायला, अगदी आदर्श गणितानेही, सुमारे 13 टक्के जास्त ऊर्जा लागते. दोन्हींचा गुणाकार केला की वीज जवळजवळ दीडपट होते.

यावर कारागीर म्हणेल, प्रेशर कमी केले तर जोर कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. याच सिलिंडरचा जोर सहा किलोंवर सुमारे 118 किलो असतो, चारवर तो 79 पर्यंत उतरतो. ज्या कामाला 118 लागतात तिथे चारवर भागणार नाही. पण एकाच मशीनला जास्त जोर हवा असेल, तर त्यासाठी साऱ्या गाळ्याचे प्रेशर चढवण्यापेक्षा तिथे मोठ्या व्यासाचा सिलिंडर बसवणे शहाणपणाचे. दुसरा आक्षेप असा की टोकाच्या मशीनपर्यंत प्रेशर पोहोचतच नाही. तसे असेल तर दोष बहुधा अरुंद पाइपाचा किंवा तुंबलेल्या फिल्टरचा असतो. तो तसाच ठेवून प्रेशर वाढवले, तर वाटेतल्या प्रत्येक गळक्या जोडालाही जास्त हवा मिळते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मशीनवर रेग्युलेटर आहे, मागे कितीही असले तरी ते सहाच घेते. खरे आहे, त्या मशीनचा वापर वाढत नाही. पण कॉम्प्रेसरचा जादा खर्च टळत नाही आणि रेग्युलेटरच्या अलीकडची गळतीही थांबत नाही.

ही गळती किरकोळ नसते. तीन मिलिमीटरच्या स्वच्छ भोकातून सहा किलोंवर मिनिटाला 600 लिटरच्या आसपास हवा निसटू शकते. मुंबईच्या पावसाळ्यात तर गळतीला निमित्तही मिळते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर मिनिटाला 1000 लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर, हवा पुन्हा थंड झाली की तासाला लिटरभराहून जास्त पाणी सोडतो. ते आपोआप जावे म्हणून ड्रेन कॉक किंचित उघडा ठेवला की पाण्याबरोबर हवाही दिवसभर जाते.

खात्री करायला महागडे यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी टाकी भरून कॉम्प्रेसर बंद करा, हवेवरचे कोणतेही मशीन चालवू नका आणि घड्याळ लावा. टाकी आणि पाइप मिळून 500 लिटर जागा असेल आणि काटा सहावरून पाचवर यायला चार मिनिटे लागली, तर मिनिटाला सुमारे 125 लिटर हवा गळते आहे. मग तोच प्रयोग आठवरून करा. आठवरून सातवर यायला काट्याला तीन मिनिटांहून थोडाच जास्त वेळ लागेल. भोके तीच, टाकी तीच. जी हवा आधी चार मिनिटे पुरत होती, तेवढीच आता तीन मिनिटांत जाते, आणि तिची किंमत चढवलेल्या त्या दोन किलोंनी वसूल केलेली असते.