वाडा दुरुस्त करावा की सोडावा?

जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहणारे मला हेच विचारतात. मी सांगतो, आधी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं सळईनं टोचून पाहा. लाकूड तिथंच ओल धरतं, आतून कुजतं. टोकं शाबूत असतील तर दुरुस्ती करा. मात्र मातीच्या भिंतीला सिमेंट नको, चुन्याचा गिलावा द्या, म्हणजे ओल बाहेर पडते. मालक दुरुस्ती टाळत असेल, तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच वजावट मिळते. शेवटचा प्रश्न गोदावरीचा. २००८ किंवा २०१६च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं? मग दर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा घर बदललेलं बरं.