रस्ता नंतर, आधी अपडेट!

तुमच्या ग्रुपमध्ये पण असा एक असेलच. राइड ठरली की आठवडाभर आधी रूट बनवणारा. चहा कुठे, पेट्रोल कुठे, फोटो कुठे, सगळं मॅपवर पिन करून ठेवणारा. आमच्याकडचा तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या बाइकवर स्पीडोमीटरशेजारी छोटा गोल डायल आहे. फोन ब्लूटूथनं जोडायचा, कंपनीच्या ॲपमध्ये ठिकाण टाकायचं, की डायलवर बाण येतो. आता डावीकडे, आता सरळ. आम्हा बाकीच्यांच्या बाइकवर असलं काही नाही. त्यामुळे तो पुढे आणि आम्ही मागे, हे ठरलेलंच.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार. पुणे ते रायगड, भोरवरून वरंध घाटातून. तीन बाइक, पाच जण. पहाटे साडेपाचला कात्रजला पोहोचलो तर पठ्ठ्या बाइकवर बसून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. डायलवर नुसतं घड्याळ. रात्री हॉस्टेलच्या वायफायवर ॲप आपोआप अपडेट झालं होतं. नव्या ॲपनं त्याला लॉगआउट केलं, पेअरिंग विसरलं आणि आठवडाभर खपून बनवलेला रूटही गायब! ओटीपी मागवून लॉगिन केलं, तर म्हणे आता डायलचं सॉफ्टवेअर अपडेट करा. इग्निशन चालू ठेवा, फोन जवळ ठेवा, गाडी हलवू नका. ते ६२ टक्क्यांवर अडकलं. परत पहिल्यापासून. परत ६२. पाऊण तास आम्ही तिथंच, दोन-दोन चहा झाले. शेवटी त्यानं वैतागून फोनच हँडलवरच्या होल्डरला लावला आणि आम्ही निघालो.

हे सगळं रडगाणं आपण ‘जीपीएस बोंबललं’ या दोन शब्दांत उरकतो. पण खरं सांगायचं तर बिचाऱ्या जीपीएसचा यात काहीच दोष नसतो. ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आपापली वेळ आणि आपापली जागा सांगत फिरत असतात. चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की आपला फोन आपण कुठे आहोत ते काढतो. त्याला ना नेट लागतं, ना लॉगिन, ना ओटीपी. घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका सरकत राहतो तो यामुळेच. गायब होतो तो ठिपक्याखालचा नकाशा, कारण तो नेटवरून येत असतो.

म्हणजे उपग्रहापासून फोनपर्यंतचं अंतर आरामात पार होतं आणि फोनपासून डायलपर्यंतच्या दोन फुटांत सगळं अडतं. कारण त्या दोन फुटांत चार जणांचा संसार आहे. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम एकाची, नकाशा दुसऱ्याचा, ॲप बाइक कंपनीचं आणि डायलमधलं सॉफ्टवेअर आणखी कोणाचं तरी. चौघंही आपापल्या सोयीनं अपडेट होतात. एकमेकांना विचारून होत असतील असं अनुभवावरून तरी वाटत नाही. त्यात ॲंड्रॉइड ११ पासून एक गंमत आहे. एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही, तर फोन त्याला दिलेल्या परवानग्या आपोआप काढून घेतो. प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे ते. पण राइडचं ॲप आपण उघडतो कधी? परीक्षा संपल्यावर, नाहीतर पाऊस सुरू झाल्यावर! म्हणजे नेमक्या राइडच्या सकाळी त्याला लोकेशन दिसेनासं झालेलं असतं. बॅटरी वाचवायला बॅकग्राउंडमधली ॲप बंद करणारे फोन असतात, ते आणखी वेगळे. फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली, दहा मिनिटांत डायलवरचा बाण गायब.

मग उरतो फोन हँडलवर लावायचा पर्याय. कायद्यानं त्याला मुभा आहे. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फक्त रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. पण बाइकवर हे जमवणं अवघड. पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की फोनला ते बोटंच वाटतात आणि नकाशा आपोआप झूम होतो, फिरतो, भलतीकडे जातो. उन्हात फोन तापून स्क्रीन अंधूक होते. शिवाय ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते. कार चालवणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्याच्याकडे छत आहे, चार्जर आहे, शेजारी बसून ‘लेटर’ दाबणारं माणूस आहे. आपल्याकडे हातमोजे आहेत.

आणि हातमोज्यानंच घात केला. भोर सोडून हिर्डोशीकडे निघालो होतो. डावीकडे नीरा-देवघरचं पाणी, रिमझिम, मस्त वातावरण. आमचा नेव्हिगेटर पुढे. एका वळणाआधी त्याच्या स्क्रीनवर अख्खा नकाशा झाकत एक खिडकी उघडली. नव्या अपडेटमध्ये काय काय आहे ते पाहा म्हणे! त्यानं डाव्या हातानं ती बंद करायचा प्रयत्न केला. मोज्यामुळे स्क्रीन दाद देईना. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेवढ्यात पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं. वेग तिसाच्या आसपास असेल. गाडी आडवी, तो डाव्या हातावर. मी मागेच होतो. हेल्मेट रस्त्यावर आपटल्याचा आवाज अजून आठवतो.

चालू गाडीवर स्क्रीनला हात लावला ही चूक त्याचीच, तो स्वतः कबूल करतो. पण ज्या ॲपला माहितीय की फोन आत्ता ताशी तीस किलोमीटरनं पळतोय, त्यानं नेमक्या त्याच वेळी जाहिरात करावी, याला काय म्हणायचं?

शेताकडे निघालेले एक काका धावत आले. त्यांनी आणि आम्ही मिळून बाइक उचलली. त्याचं मनगट बघून काका म्हणाले, “हात मोडलाय याचा. माघारी भोरला न्या, पोरांनो. कुठं निघाला होता?”

“महाडला, काका. वरंधमधून.”

“वरंध बंदय की! दरडी पडत्यात म्हणून बंद केलाय. बोर्ड नाही बघितला?”

बोर्ड आमच्यापैकी एकानंही बघितला नव्हता. सगळे नकाशावरची निळी रेघ बघत होतो. पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवायचे आदेश निघतात, हे भोरमधल्या चहावाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. नकाशा मात्र ‘रस्ता मोकळा’ असं दाखवत होता. मोकळा असणारच, बंद रस्त्यावर ट्रॅफिक कुठून येणार!

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्री अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्यावर गेली होती. चालकाचा जीव गेला.

मग फोनपेक्षा फक्त बाइकसाठी बनवलेलं वेगळं यंत्र घ्यावं का? पाण्यात चालणारं, मोज्यांनी दाबता येणारं? माझा मामेभाऊ जर्मनीत असतो, त्याच्याकडे तसलं आहे. त्याला विचारलं तर तोच माझ्याहून जास्त वैतागलेला. नकाशा अपडेट करायचा तर यंत्र केबलनं कॉम्प्युटरला जोडून तासन् तास बसायचं. अख्ख्या युरोपचा नकाशा यंत्राच्या मेमरीत मावत नाही, म्हणून वेगळं कार्ड. आणि कॉम्प्युटरवरचा नकाशा एका आवृत्तीचा, यंत्रातला दुसऱ्या, असं झालं की डोंगरातून मुद्दाम आखलेला वळणावळणांचा रूट यंत्र गुपचूप बदलून टाकतं आणि सरळ हायवेवर नेतं. मुळात ज्या वळणांसाठी निघालो तीच गायब.

बरं, अपडेट करायचंच नाही म्हटलं तर तेही जमत नाही. जीपीएस आठवडे मोजतं ते १०२३ पर्यंत आणि मग परत शून्यावर येतं. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ते असं शून्यावर आलं, तेव्हा अपडेट न केलेली काही जुनी यंत्रं तारीख चुकवायला लागली. पुढची पाळी २०३८ मध्ये. तेव्हा आमचा नेव्हिगेटर पस्तिशीत असेल आणि त्याच्याकडे बहुतेक दुसरी बाइक असेल.

सध्या त्याचा नियम साधा आहे. राइडच्या चार दिवस आधी सगळे अपडेट उरकायचे, ॲप उघडून, डायल जोडून कॉलेजपर्यंत एक चक्कर मारायची. मग ऑटो-अपडेट बंद, रस्त्याचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड. घाट चालू आहे का, हे तिथल्या एखाद्या हॉटेलात फोन करून विचारायचं. हे शेवटचं काम आता माझ्याकडे आलंय. हॉटेलवाले आधी हसतात, मग सविस्तर सांगतात. खड्डा कुठल्या वळणावर आहे तेसुद्धा.

प्लास्टर सहा आठवडे होतं. डाव्या हाताला असल्यानं पेपर लिहायला सूट मिळाली नाही, याचं त्याला अजून दुःख आहे. नोव्हेंबरात आम्ही परत निघालो, तोच रस्ता, घाट चालू. टाकीवर इन्शुलेशन टेपनं कागद चिकटवलेला. त्यावर पेननं लिहिलेलं: कापूरहोळ, भोर, हिर्डोशी, वरंध, बिरवाडी, महाड. कापूरहोळच्या पंपावर पेट्रोल भरताना त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बाहेर काढून बघितला, आम्हाला दाखवला. नवी आवृत्ती उपलब्ध आहे. त्यानं फोन परत खिशात टाकला, चेन लावली आणि किक मारली.