पसंतीक्रमाची यादी आणि पेढीची वही

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की व्यापारी घरांत महिनाभर दुसरा विषय निघत नाही. बार्शीतील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरीही असेच झाले. पुण्याजवळील एका खाजगी विद्यापीठाने कन्येला संगणक शाखेत जागा देऊ केली होती आणि पहिला हप्ता तत्काळ मागितला होता. दुसरीकडे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्युत शाखा मिळेल अशी आशा होती, परंतु त्या फेऱ्या सुरू होण्यास बराच अवकाश होता. वडिलांचा कल संगणकाकडे होता. आजोबांना मात्र सांगलीचे महाविद्यालय जवळचे वाटे. सोलापूरच्या जैन घराण्यातून निघून जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घालणाऱ्या सेठ वालचंद हिराचंदांचे नाव त्याला लाभले आहे आणि ते १९४७ पासून चालू आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. मुलीला कोणी विचारले नव्हते.

अशा वेळी पहिली चूक होते ती घाईची. जागा हातची जाईल या भीतीने मोठी रक्कम भरली जाते आणि मग ती बुडू नये म्हणून तोच प्रवेश कायम केला जातो. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास संपूर्ण शुल्क परत देण्याचे धोरण जाहीर केले होते. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही आयोगाचे सांगणे आहे. चालू वर्षाची तारीख पाहून घ्यावी, रक्कम बँकेमार्फतच भरावी, पावती जपावी आणि मूळ दाखला कोणाच्याही हवाली करू नये. पेढीवर जो माणूस पावतीशिवाय पोतेही सोडत नाही, तोच प्रवेशाच्या खिडकीपाशी इतका भाबडा का होतो, हे एक कोडेच आहे.

आता हिशेब. समजा, एका ठिकाणी वर्षाला चार लाख आणि दुसऱ्या ठिकाणी एक लाख खर्च आहे आणि दोन्हींसाठी दहा टक्के व्याजाने शैक्षणिक कर्ज काढले. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. सरळ व्याज मात्र चढतच राहते. पहिल्या वर्षीच्या चार लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, असे मांडत गेले तर सोळा लाखांचे २१ लाख ६० हजार होतात. दहा वर्षांत ते फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे २८,५०० रुपये येतो. स्वस्त पर्यायात हाच हप्ता ७,१०० च्या आसपास राहतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिल्यास अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात. ती घेणे शहाणपणाचे. व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, हेही ध्यानात असावे. घरचे भांडवल घातले म्हणून व्याज लागत नाही असे मानणारा व्यापारी कोठे सापडणार नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तसे मानणारे पुष्कळ आहेत.

हा २८,५०० चा हप्ता कशाच्या बळावर फेडावयाचा? येथे ‘पॅकेज’चे फलक पुढे येतात. फलकावर असतो तो सर्वांत मोठा आकडा, म्हणजे पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला निवडक दाणा. पाहावयाचा तो मध्यक: नोकरी लागलेल्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याला मिळालेला पगार. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली, किती पुढे शिकावयास गेले आणि पगाराचा मध्यक काय, ही माहिती सादर करतात व ती सर्वांस पाहता येते. बार्शीच्या घरी ती प्रथम उघडली ती मुलीनेच. तिने आणखी एक गोष्ट शोधून काढली. नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते; एनबीएचे मात्र शाखेगणिक असते आणि मुदतीचे असते. एकाच आवारात एका शाखेला ते असू शकते, शेजारच्या शाखेला नसू शकते. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य असल्याने परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

जैन समाजाला २०१४ साली राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांसाठी अर्ज करावयाचा तर शाळेच्या दाखल्यावरील धर्माची नोंद आधीच तपासावी. फेरीच्या आदल्या दिवशी ती दुरुस्त होत नाही.

उरला पसंतीक्रम. मिळण्याजोगे महाविद्यालय वर घालावे आणि अवघड ते खाली, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. जागा गुणवत्तेने मिळते. अवघड पर्याय वर लिहिल्याने खालचा हातचा जात नाही. खरा धोका उलट बाजूला आहे. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की ती जागा पक्की होते आणि पुढील फेऱ्या बंद होतात. जे मनापासून नको, ते पहिल्या ओळीत लिहू नये.

यादी भरण्याच्या रात्री वडिलांनी दोन्ही हिशेब वहीत मांडून ती मुलीपुढे ठेवली. “तुला काय शिकावंसं वाटतं, ते सांग बेटा,” एवढेच ते म्हणाले. ट्रान्सफॉर्मर आणि विजेचे जाळे यांत आपल्याला गोडी आहे, संगणकाची भाषा कोठेही शिकता येईल, असे तिने सांगितले आणि सांगलीची विद्युत शाखा पहिल्या क्रमांकावर लिहिली. आजीने मात्र सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हे विचारले. संध्याकाळच्या प्रात्यक्षिकांच्या वेळा आणि जवळपासच्या जैन घरांतील डब्याची सोय, दोन्हींची चौकशी तिने आठवडाभरापूर्वीच करून ठेवली होती.