वाचना : जे हरवले त्याचीही नोंद

दिवाळीच्या अमावास्येला पावापुरीत महावीरांचे निर्वाण झाले, अशी जैनांची श्रद्धा आहे. वीरनिर्वाण संवत तेथून मोजतात. परंपरेने ते वर्ष इ.स.पू. ५२७. आगमांच्या इतिहासाची कालगणनाही याच संवताने होते.

महावीरांची वचने शिष्यांनी मुखोद्गत राखली. पोथ्या बाळगणे अपरिग्रहाला बाधक मानले जाई. पण दुष्काळात साधू पांगले, काही वारले, की पाठही तुटत. श्वेतांबर परंपरेनुसार बारा वर्षांच्या दुष्काळानंतर श्रमणसंघ पाटलिपुत्रात जमला. ज्याला जे पाठ होते ते त्याने म्हणायचे आणि सर्वांनी मिळून जुळवायचे, ही 'वाचना'. अकरा अंगे जुळली. बारावे अंग, दृष्टिवाद, मात्र नेपाळात असलेल्या भद्रबाहूंनाच येत होते. त्यातली चौदा पूर्वे स्थूलभद्र शिकले खरे, पण शेवटची चार पुढे कोणाला शिकवायची नाहीत, या अटीवर. कालांतराने दृष्टिवाद सगळाच लुप्त झाला.

पुढे मथुरेत स्कंदिलाचार्यांच्या आणि वलभीत नागार्जुनाचार्यांच्या नेतृत्वाखाली एकाच सुमारास दोन वाचना झाल्या. दोघांची भेट झाली नाही. पाठभेद राहून गेले. अखेर वलभीतच देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम पुस्तकारूढ केले. तरी 'नागार्जुनीय' पाठ पुसले गेले नाहीत. चूर्णी आणि टीकांमध्ये ते नोंदलेले आढळतात. ज्या नोंदीवरून या वाचनेचा काळ ठरवतात, तीही दुहेरी आहे. कल्पसूत्र निर्वाणानंतरचे ९८० वे वर्ष सांगते आणि लगेच, दुसऱ्या पाठानुसार ९९३ वे, असेही सांगते. म्हणजे इ.स. ४५३च्या सुमारास किंवा ४६६च्या.

दिगंबरांना हे संकलन मान्य नाही. त्यांच्या मते मूळ अंगे लुप्तच झाली. उरलेला अंश गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवला. त्यातून 'षट्खंडागम' सिद्ध झाला. त्याची, वीरसेनांच्या 'धवला' टीकेसह, ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीत शतकानुशतके जपली गेली. या ग्रंथाचा पहिला खंड हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली आपल्या अमरावतीहून छापून निघाला.

काय उरले, यावर दोन्ही परंपरांचे एकमत नाही. दृष्टिवाद गेला, यावर आहे. श्वेतांबरांनी त्याचे नाव गणनेतून वगळले नाही, की त्या नावाने नवा ग्रंथ रचून ती जागा भरली नाही. बारावे अंग म्हणून ते आजही मोजतात. नंदीसूत्रात आणि समवायांगात त्याच्या विषयांची यादी मिळते. ग्रंथ मिळत नाही.