समारंभाचे घड्याळ

वेळ पाहण्यासाठी मनगटाकडे नजर टाकण्याची सवय आता पुष्कळांची सुटली आहे. खिशातील मोबाईल तेवढे काम अचूक करतो. तरीही लग्नाला, बारशाला, नाताळच्या मिस्साला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघताना बहुतेक घरांत कपाटातून एक घड्याळ बाहेर निघते. वर्षातून आठ-दहा वेळा ते मनगटावर चढते आणि उरलेले दिवस डबीत पडून राहते. अशा घड्याळाला बाजारात ‘ड्रेस वॉच’ म्हणतात. आपण त्याला समारंभाचे घड्याळ म्हणू. साधारण मिळकतीच्या कुटुंबाने ते कसे निवडावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

असे घड्याळ घेताना बहुतेक लोक ते हातावर कसे दिसेल, एवढेच पाहतात. परंतु वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी दहा दिवस ते घातले, तर ३५५ दिवस ते अंधारात, बंद डबीत असते. म्हणून माझे सांगणे असे की, निवड करताना त्या दहा दिवसांपेक्षा या ३५५ दिवसांचा विचार आधी करावा. जे घड्याळ पडून राहिल्याने बिघडत नाही, ज्याची देखभाल गावातील घड्याळजी करू शकतो आणि ज्याचा पट्टा कोठेही मिळतो, ते आपल्या उपयोगाचे. हे एक सूत्र धरले म्हणजे पुढील बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम रूपाविषयी थोडे सांगतो. समारंभाचे घड्याळ पातळ आणि साधे असावे, अशी जुनी रीत आहे. तबकडीवर तास व मिनिटे दाखविणारे दोन काटे, फार तर एक सेकंदकाटा, आणि स्पष्ट खुणा एवढेच त्यात असते. स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीने १९३२ साली काढलेले ‘कालात्राव्हा’ हे घड्याळ या जातीचा नमुना मानले जाते. त्याचा व्यास अवघा ३१ मिलिमीटर होता. आज बाजारात ४२ आणि ४४ मिलिमीटरच्या थाळ्याएवढ्या तबकड्या दिसतात. पण त्या पोहणाऱ्यांच्या किंवा खेळाडूंच्या घड्याळांवरून आलेल्या आहेत. मध्यम मनगटाच्या पुरुषाला ३४ ते ३८ मिलिमीटर पुरे होतात, स्त्रियांना त्याहून लहान घड्याळ शोभते. पट्टा ज्यांत अडकवितात ती वरची व खालची टोके मनगटाच्या कडेबाहेर जाता कामा नयेत. जाडी दहा मिलिमीटरच्या आत असली, म्हणजे सदऱ्याची बाही त्यावर अडकत नाही. हे सर्व दुकानात दोन मिनिटांत पाहून घेता येते. त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत.

आता यंत्राकडे वळू. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: सेलवर चालणारे क्वार्ट्झ, किल्ली द्यावयाचे आणि हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे ऑटोमॅटिक.

क्वार्ट्झ घड्याळात क्वार्ट्झच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. सेलमधील विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा सहज निवडलेला नाही. त्याला पंधरा वेळा दोनाने भागले, की बरोबर एक उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो आणि काटा एक पाऊल पुढे सरकतो. विद्यार्थ्यांनी हा भागाकार पाटीवर करून पाहावा. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन होती. तेवढ्यात त्या काळी तेथे एक लहान मोटार येत असे. आज तीच विद्या सर्वांत स्वस्त घड्याळात आहे, आणि ते महिन्याकाठी साधारण पंधरा सेकंदांपलीकडे चुकत नाही. महिनाभर डबीत राहिलेले क्वार्ट्झ घड्याळ काढले, तर ते योग्य वेळ दाखवीत असते. काटे लावण्याची खटपट नको असलेल्याला याहून सोयीचे काही नाही.

परंतु याला एक पथ्य आहे. संपलेला सेल आत राहिला, तर तो कालांतराने पाझरू शकतो, आणि त्यातील द्रव यंत्र खाऊन टाकतो. ‘बंदच तर पडले आहे, पुढच्या लग्नाच्या वेळी सेल टाकू’ असे म्हणून ठेवलेली कितीतरी घड्याळे अशीच निकामी होतात. म्हणून घड्याळ बंद पडताच सेल बदलावा. ते घालावयाचेच नसेल, तर निदान काढून ठेवावा. शिवाय बदलताना सिल्व्हर ऑक्साइडचा सेल मागावा. त्याच आकाराचा स्वस्त अल्कलाइन सेल थोडे पैसे वाचवितो, पण तो पाझरण्याचा धोका अधिक.

किल्लीच्या घड्याळाला सेलची भीती नाही. किल्ली दिली की आतील कमान गुंडाळली जाते, आणि ती हळूहळू सुटताना दातेरी चाके फिरविते. एकदा पूर्ण किल्ली दिली की ते सुमारे दीड दिवस चालते, मग थांबते. थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही. समारंभाच्या सकाळी किल्ली देऊन काटे लावले, की काम झाले. ते दिवसाला दहा-वीस सेकंद पुढे-मागे जाते. लग्नाचा मुहूर्त एवढ्याने चुकत नाही. मात्र आतील तेल वर्षानुवर्षे पडून सुकते. म्हणून महिन्यातून एकदा त्याला किल्ली देऊन चालू द्यावे आणि चार-पाच वर्षांनी घड्याळजीकडून साफसफाई व तेल करून घ्यावे. किल्ली हलक्या हाताने द्यावी आणि अडली, की तेथेच थांबावे.

ऑटोमॅटिक घड्याळ रोज घालणाऱ्याला उत्तम. आपल्या कामासाठी मात्र त्याची मुख्य सोयच वाया जाते. हाताची हालचाल नसल्यामुळे ते डबीत एक-दोन दिवसांत थांबते, आणि आतील फिरत्या वजनामुळे जाडही होते. त्यातच तारीख व वार असले, की दर खेपेस ते सारे जुळवीत बसावे लागते. तारीख जुळविण्यातही सावधगिरी हवी. काटे रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत असताना तारीख बदलण्याची चाके एकमेकांत गुंतलेली असतात, आणि तेव्हा घाईने तारीख फिरविली, तर दाते मोडू शकतात. यास्तव समारंभाच्या यांत्रिक घड्याळात तारीख नसलेलीच बरी. प्रकाशावर चालणारी घड्याळेही मिळतात. सिटिझन कंपनीने काट्यांचे असे घड्याळ १९७६ साली प्रथम आणले. त्यांना सेल बदलावा लागत नाही, पण प्रकाश लागतो. महिनोन्महिने अंधाऱ्या कपाटात ठेवावयाच्या वस्तूला हा गुण फारसा उपयोगी नाही.

यानंतर काच, कवच आणि पट्टा. काचेचे तीन प्रकार आहेत. प्लास्टिकच्या जातीची ॲक्रिलिक काच लवकर ओरखडते, पण पॉलिश करून पुन्हा स्वच्छ होते. साधी मिनरल काच मध्यम टिकते. सफायर काच सर्वांत कठीण. मोहसच्या मापनात तिचा क्रमांक ९, तर वाळूतील क्वार्ट्झचा ७, म्हणून धुळीने तिला चरा पडत नाही. वर्षातून दहा वेळा घालावयाच्या घड्याळाला मिनरल काच पुरते. केवळ सफायरसाठी दुप्पट पैसे देण्याचे कारण नाही. कवच पोलादाचे घ्यावे. सोनेरी मुलामा दुकानात लखलखतो, पण घामाने आणि घासण्याने कडांवरून आधी जातो. सोनेरी रंगच हवा असेल, तर निदान खाली पोलाद आहे ना, याची खात्री करावी.

पाठीवर ‘३० मीटर’ किंवा ‘३ बार’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ घड्याळ घालून तीस मीटर खोल पाण्यात उतरता येते असा नाही. तो प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आकडा आहे. हात धुताना उडालेले थेंब आणि पावसाचा शिंतोडा, एवढेच ते सोसते.

पट्टा कातडी असेल, तर आपल्या भागात पावसाळा हा त्याचा शत्रू. गोव्यात आणि घाटालगतच्या खानापूर-बेळगाव भागात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातील पादत्राणांवर पांढरी बुरशी येते, तीच पट्ट्यावरही येते. घड्याळ काढल्यावर मऊ कापडाने पुसून पट्टा वाऱ्यावर सुकवावा, मगच डबीत ठेवावा. डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर अशी सर्वसाधारण असावी. विचित्र आकाराच्या खाचेत बसणारा पट्टा तुटला, की त्याच कंपनीकडे धाव घ्यावी लागते, आणि कंपनीने तो नमुना बंद केला असेल, तर चांगले घड्याळ पट्ट्यावाचून पडून राहते.

आपल्या देशातील घड्याळांचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. बंगळूर येथे सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ-कारखाना १९६१ साली सुरू झाला. त्याची ‘जनता’सारखी किल्लीची घड्याळे दोन पिढ्यांच्या मनगटांवर होती. १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली आणि होसूरच्या तिच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळे घरोघरी गेली. २००२ साली तिने अवघ्या ३.५ मिलिमीटर जाडीचे ‘एज’ आणले. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून जुन्या एचएमटीची मागणी वाढली, आणि मागणीबरोबर फसवणूकही आली. निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून ‘जुने पण नवेकोरे’ म्हणून विकण्यात येते. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी भडक रंगाची, छपाई जाड आणि फुटलेली दिसली, तर दूर राहावे. जुने घड्याळ घ्यावयाचेच असेल, तर आपल्या घड्याळजीला पाठ उघडून दाखवावे आणि मगच पैसे द्यावेत.

आता हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, २,००० रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ घेतले. दहा वर्षांत चार सेल, प्रत्येकी १५० रुपयांचे, म्हणजे ६००. दोन पट्टे, प्रत्येकी ४०० चे, म्हणजे ८००. एकूण ३,४०० रुपये. दहा वर्षांत शंभर वेळा घातले, तर दर खेपेस ३४ रुपये पडले. आता ८,००० रुपयांचे ऑटोमॅटिक घ्या. दोन वेळा साफसफाई ३,००० रुपये आणि पट्टे ८०० धरले, तर ११,८०० होतात; म्हणजे खेपेस ११८ रुपये. दुसरे घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्याला यंत्राची आवड आहे, त्याने ते आनंदाने घ्यावे. पण ते आवडीसाठी घेत आहोत, गरजेसाठी नव्हे, हे हिशेबात दिसले पाहिजे.

हा हिशेब सर्वांत जास्त ज्याला लागू पडतो, तो वधूपिता होय. नवऱ्या मुलाला घड्याळ देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि प्रेमाने दिलेल्या वस्तूला कोण नावे ठेवील? परंतु ‘घड्याळ अमुक कंपनीचेच हवे’ असा निरोप जेव्हा येतो, तेव्हा ती भेट राहत नाही, ती मागणी होते. माझ्या परिचयातील एका निवृत्त कारकुनाने अशा घड्याळासाठी हप्त्यांनी कर्ज काढले. जावई ते फार तर सणाला घालतो. हप्ता मात्र दर महिन्याला जातो. ज्या १९६१ साली एचएमटीचा कारखाना निघाला, त्याच साली हुंडाबंदीचा कायदाही झाला, याची आठवण वरपक्षाने ठेवावी. वरानेच ‘मला साधे घड्याळ चालेल’ असे एकदा मोकळेपणाने म्हटले, तर एका घराचे दोन वर्षांचे ओझे उतरते.

आणि शेवटी, बाजारात जाण्यापूर्वी घरातील कपाट एकदा पाहावे. पुष्कळ घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे एखादे किल्लीचे घड्याळ जुन्या कागदपत्रांबरोबर पडलेले असते. ते घड्याळजीकडे न्यावे आणि दुरुस्तीचा खर्च आधी विचारावा. तो नव्या घड्याळाच्या किमतीच्या आत असेल, तर साफसफाई करून, नवा पट्टा लावून तेच पुढील कार्याला घालावे. ते लहान असेल, पातळ असेल, त्यात तारीखही नसेल. समारंभाच्या घड्याळात आपण जे गुण शोधतो, ते सारे त्यात बहुधा असतातच.