जंगलात एकटा, पण कॅमेरा कोणाच्या हातात?

न्यायदर्शनात 'आप्त' कोणाला म्हणतात, ते मागच्या वेळी आपण पाहिलं. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतात, ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना एकच. मग टीव्हीवर विंचू खाणारा माणूस तरी त्यातून कसा सुटेल? (हसू नका. व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी खरंच विचारलं, "सर, त्या बेअर ग्रिल्सचं सगळं खोटंच असतं का हो?")

तर प्रकार असा झाला. २००७ साली ब्रिटनमध्ये बातमी फुटली, की रानात राहतोय असं दाखवलेल्या काही रात्री ग्रिल्स हॉटेलात झोपला होता. पडद्यावरचे 'रानटी' घोडे भाड्यानं आणलेले होते. चॅनल फोरनं बचाव केला, की हा निरीक्षणात्मक माहितीपट नव्हेच, कठीण प्रसंगी जगावं कसं हे शिकवणारा कार्यक्रम आहे. पुढे मालिकेत सूचनाही आली, की चमूची मदत असते आणि काही प्रसंग मुद्दाम उभे केले जातात.

आम्हाला हा बचावच जास्त खटकतो. कथा काल्पनिक असली तर कोणाचं काय बिघडतं? पण शिकवतो म्हटलं, की जबाबदारी वाढते. पाककृती चुकली तर भाजी बिघडेल, इथे जीव जाईल. पडद्यावरचा माणूस कडे उतरतो, धावतो, स्वतःचं मूत्र पितो. अमेरिकी सैन्याच्या मार्गदर्शिकेत न पिण्याच्या द्रवांमध्ये मूत्र आहे, समुद्राच्या पाण्याच्याच यादीत. आणि वाट चुकलात तर बहुतेक वेळा पहिला सल्ला काय? थांबा. आहात तिथेच आडोसा करा, लोक शोधायला येतील. पण स्वस्थ बसलेला माणूस तासभर कोण बघणार!

कॅनडाचा लेस स्ट्राउड मात्र तसा बसायचा. चित्रीकरणाचा चमू बरोबर नाही, कॅमेऱ्यांचं ओझं स्वतःच्याच पाठीवर. आता गंमत बघा. तो दूर डोंगराकडे चालत जातोय, असं दृश्य येतं. म्हणजे त्यानं कॅमेरा मांडला, चालत गेला, आणि तो उचलायला पुन्हा माघारी आला. भुकेल्या पोटी तीच वाट तीनदा! म्हणजे मांडलेलं दृश्य त्याच्याकडेही आहेच. पण ही हेलपाट्यांची कटकट तो प्रेक्षकाला सांगतो, लपवत नाही. आप्ताच्या लक्षणातला दुसरा भाग, 'जसं आहे तसं सांगायची इच्छा', तो हाच.

आमचा नातू पावसाळ्यात मित्रांबरोबर सह्याद्रीत जातो. गेल्या वर्षी धुक्यात त्यांची वाट चुकली. एकाचं म्हणणं, ओढ्याच्या काठानं खाली उतरू, टीव्हीवर तसंच करतात. सह्याद्रीतला ओढा कुठे जातो, हे पाहिलेल्यांना सांगायला नको. थेट कड्यावरून खाली. दुसऱ्यानं हट्टानं सगळ्यांना बसवून ठेवलं. चार तास भिजत बसले, मग गावातली दोन माणसं हाका मारत वर आली. नातू अजून कुरकुरतो, "आजोबा, काहीच घडलं नाही हो."