कोड खुला, जुळणीचं गणित बंद

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा एवढं घेतल्यावर खरं काम सुरू होतं. हाच माणूस आधी दुसऱ्या नावानं नोंदला गेलाय का, हे साठवलेल्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहायचं. आधारच्या यंत्रणेत हडूप, मायएसक्यूएल अशी मुक्त सॉफ्टवेअर वापरली गेली. ताडून पाहणारे अल्गोरिदम मात्र कंपन्यांच्या मालकीचे, परवान्यावर घेतलेले.

खुल्या आणि बंद कोडची सांगड घालणं सोपं नसतं. जीपीएल या खुल्या परवान्याच्या प्रोग्रॅममध्ये बंद कोड मिसळून तो वाटला, तर सगळाच कोड त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. कंपनी त्याला तयार होत नाही. त्यावर वाट अशी, की बंद भाग वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवायचा आणि दोघांनी फक्त निरोपांची देवाणघेवाण करायची. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत २०१८ पासून घडत असलेल्या ‘मॉसिप’ या खुल्या ओळख-प्रणालीत हेच दिसतं. ती नोंदी ताडून पाहणाऱ्या जुळणीयंत्राला संदर्भ क्रमांक आणि ठशांच्या फाइलचा पत्ता पाठवते. ते मिळत्याजुळत्या नोंदींची यादी परत देतं. मधल्या निरोपांचा नमुना जाहीर असल्यानं कंपनी बदलता येते. आधारनंही सुरुवातीला तीन कंपन्यांची जुळणीयंत्रं एकाच सामायिक नमुन्यावर चालवली, ही मला त्या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

पेटंटचा प्रश्न वेगळा. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ अल्गोरिदमला पेटंट देऊ देत नाही. अमेरिकेत परिस्थिती निराळी. चित्रांतल्या खुणा ओळखणारी ‘सिफ्ट’ पद्धत तिथल्या पेटंटमुळे ‘ओपनसीव्ही’ या खुल्या संग्रहाच्या मुख्य भागाबाहेर ठेवावी लागली होती. २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हाच ती आत आली.

पण कंपनी बदलता आली म्हणून आतलं गणित दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालात न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमतात हेच नोंदवलं, की जुळणीच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड परदेशी कंपनीच्या मालकीचा आहे. एखाद्या मजुराची नोंदणी ‘दुबार’ ठरवून फेटाळली गेली, तर ती का, हे त्याला सांगता आलं पाहिजे. मालकी कंपनीची राहू द्या; पण सार्वजनिक पैशातून घेतलेल्या अशा प्रत्येक अल्गोरिदमची स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी होईल, ही अट सरकारनं करारातच घालावी.